चौक भिंतीवरचा आणि चौकटीतला

आजच्या विषयाचं नाव जरा भारदस्त आहे : आदिवासी ज्ञान आणि समाजाचं कल्याण. असं नाव घेतलं की बोलणं हवेत जायला वेळ लागत नाही. म्हणून आपण एका भिंतीपाशी उभं राहून बोलू. भिंत कुडाची आहे, कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेली, वर गेरूचा हात दिलेला. घर डहाणू-तलासरीकडच्या एका वारली कुटुंबाचं. घरात लग्न आहे आणि तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक काढणं चालू आहे.

चौक काढतात त्या सवाशिणी. मधोमध पालघट देवी, सृजनाची देवी. शेजारच्या लहान चौकात पाचशिऱ्या देव. भोवती झाडं, जनावरं, शेतातली कामं, तारप्याचा नाच. चौकाशिवाय लग्न लागत नाही, आणि लग्न लावणारी धवलेरी ही बाई असते. तिची गाणी हेच तिथले मंत्र. आता बघा, पीक यावं, घर भरावं, रान टिकावं, पोरंबाळं व्हावीत, हे सगळं त्या चौकात एकाच वेळी मागितलेलं आहे. आपल्या सरकारी कागदांत याची चार खाती होतात. तिथे ती एकच गोष्ट आहे. आणि ही मागणी करण्याचा अधिकार बायकांकडे आहे, हेही लक्षात ठेवा.

पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि चित्र भिंतीवरून कागदावर उतरलं. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर गेलं. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम होतं, २०११ साली पद्मश्री मिळाली. याबद्दल आम्ही नाक मुरडणार नाही. मशे यांचं मासे पकडायच्या जाळ्याचं चित्र आठवा. सगळा पट जाळ्यानं भरून जातो, आणि ते बघताना विणणाऱ्या हाताचा धीर जाणवतो. ती सुटी प्रतिभा होती, तिला कागद मिळाला हे चांगलंच झालं.

पण याच वळणावर दोन गोष्टी मागं पडल्या. एक म्हणजे बाई. चित्राला सही आली आणि बाजारात बहुतेक नावं पुरुषांची झाली. सवाशिणींचा चौक मात्र बिननावाचा राहिला. दुसरी गोष्ट तारप्याची. मूळ चित्रात तारपा वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती वेटोळं घेतात. त्याच्याकडे कुणी पाठ करत नाही, असा रिवाज आहे. आता तुमच्या घरातला कप घ्या, नाहीतर कुर्त्याची किनार बघा. वेटोळं सरळ केलंय. त्रिकोणी माणसं हातात हात घालून एका ओळीत उभी, आणि तारपावाला गायब! माणसं नाचतायत, पण कशाभोवती? आमच्या मते हीच या साऱ्या व्यवहारावरची सगळ्यात नेमकी टीका आहे, आणि ती बाजारानं नकळत स्वतःच काढून ठेवली आहे.

२०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ठीक आहे, नावाला संरक्षण आलं. पण मानांकन वस्तूला मिळतं. धवलेरीच्या अधिकाराला ते कुठून मिळणार?

आता कुणी म्हणेल, म्हणजे जुनं तेच सोनं का? इथे आम्हाला थांबून एक कडू गोष्ट सांगायची आहे. ज्या लग्नात हा चौक काढला जायचा, त्याच लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यावं लागायचं. ते फिटेपर्यंत नवरा त्याच्याकडे राबायचा, आणि ते फिटत नसे. या माणसाला शब्दच होता 'लग्नगडी'. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये हे सगळं आहे. भिंतीवर भरभराट मागितली जात होती आणि दारात बेडी तयार होती. चौकानं ती तोडली नाही. १९४५ साली वारल्यांनी एकजुटीनं वेठ आणि लग्नगडी नाकारली, तेव्हा ती तुटू लागली.

म्हणून आम्हाला दोन्ही बाजूंच्या समीक्षकांशी भांडायचं आहे. एक बाजू म्हणते, काय निरागस रेषा आहे! तिला लग्नगडी दिसत नाही. दुसरी बाजू म्हणते, गरिबी हटवा, चित्रांचं काय घेऊन बसलात! तिला चौक दिसत नाही. अहो, पण जी माणसं बेडी असतानाही भिंतीवर भरल्या शेताची मागणी करत राहिली, त्यांना चांगलं जगणं म्हणजे काय हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच आपल्याकडून काय हिरावलं जातंय, हेही त्यांना ओळखता आलं असणार, असं आम्हाला वाटतं. ज्ञानाचा उपयोग याहून वेगळा काय असतो?

आज त्याच भागातून बुलेट ट्रेन जाते आहे, त्यासाठी आदिवासींच्या जमिनी घेतल्या गेल्या. आणि स्टेशनांच्या, कार्यालयांच्या भिंती आपण हौसेनं वारली चित्रांनी रंगवतो. चित्र भिंतीवर आणतो आणि भिंतीचा मालक हलवतो. तेव्हा यापुढे असं चित्र दिसलं, की 'छान आहे' म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारूया. काढलं कुणी? भिंत कुणाची? आणि तारपावाला कुठे आहे?

उत्तरं अवघड आहेत, पण प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. इथंच थांबू.