किरणांनी कीड मरते का?

बारामती-इंदापूरची द्राक्षे, डाळिंबे परदेशी जातात, तेव्हा खोक्यांखाली लाकडी पॅलेट असतो. त्यावरचा शिक्का विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा. गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाचा संकेत आणि 'एचटी' ही अक्षरे. म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवून आतली कीड मारली आहे. 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिली आहे. हा वायू ओझोनच्या थराला घातक.

मग लाकडाला गॅमा किरणच का देऊ नयेत? 'किरणांनी कीड तत्काळ मरते' असे वाक्य विज्ञानलेखांत आणि वर्गात सर्रास ऐकू येते. ते सोपे आहे, पण बरोबर नाही.

लासलगावच्या 'कृषक' केंद्रात प्रक्रिया होऊन २००७ साली आपला आंबा अमेरिकेला गेला. त्यासाठी किमान मात्रा ४०० ग्रे, म्हणजे किलोमागे ४०० ज्यूल ठरली होती. फळ्यावर गणित करून पाहा. एवढ्या ऊर्जेने एक किलो पाणी जेमतेम ०.१ अंशाने तापते! तेव्हा कीड भाजून मरत नाही. तिच्या पेशींतील डीएनए तुटतो. फळमाशीच्या अळीची माशी होत नाही, कोयीतला भुंगा वांझ होतो. पण दोघेही काही काळ जिवंत राहू शकतात.

सैल वाक्याची किंमत इथे कळते. पेटीत वळवळणारी अळी दिसली, की 'प्रक्रिया फसली' असा निष्कर्ष निघेल आणि चांगला माल नाकारला जाईल. खरा पुरावा अळीत नसून मात्रामापकाच्या नोंदीत असतो.

लाकडात अडचण वाढते. थप्पीच्या बाहेरच्या फळ्या जास्त किरण शोषतात, आतल्यांना कमी मिळतात. किमान मात्रा मात्र आतल्यांनाही मिळायला हवी. शिवाय तापवण्याची भट्टी वखारीजवळ उभारता येते. कोबाल्ट-६० ला जाड काँक्रीटच्या भिंती लागतात. पॅकिंगच्या लाकडासाठी २००२ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात उष्णता व धुरीला मान्यता आहे, किरणांना अजून नाही.

'फळ किरणोत्सर्गी होते' ही उलट बाजूची चूक. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा त्यासाठी पुरत नाही.

म्हणून वर्गात 'किरणांनी कीड मरते' याऐवजी 'किरणांनी किडीची वाढ आणि पुढची पिढी थांबते' असे सांगावे. चार शब्द वाढतील, पण विद्यार्थ्याला जिवंत अळी पाहून विज्ञान खोटे वाटणार नाही.