जिल्ह्यातला ज

ऑनलाइन कुरआन शिकवणाऱ्या वर्गांच्या जाहिराती एकाच साच्यातून काढल्यासारख्या असतात. एका चौकटीत हेडफोन लावलेलं मूल, दुसऱ्या चौकटीत हसरे उस्ताद, आणि खाली तीन आश्वासनं: घरबसल्या शिका, अरब शिक्षकांकडून शिका, शुद्ध उच्चार शिका. गेलं दीड वर्ष मी असा एक वर्ग करतो आहे. आठवड्यातून तीन रात्री साडेनऊला कंपनीचा लॅपटॉप मिटून स्वतःचा उघडायचा. पलीकडे कैरोजवळच्या गावातले उस्ताद असतात, वयाने माझ्याच एवढे. अर्धा तास पठण, आणि शनिवारी वेगळा तासभर अरबी भाषा. एखादं पुस्तक किंवा नाटक आपण जसं तपासतो, तसा हा वर्गही एक घाट म्हणून तपासायला हवा असं मला वाटतं. म्हणून ही तीन आश्वासनं एकेक करून घेतो.

‘घरबसल्या’ हे आश्वासन दिसतं त्यापेक्षा मोठं आहे. कुरआन ही आधी ऐकायची आणि म्हणायची गोष्ट आहे, डोळ्यांनी वाचायची नंतर. उस्ताद म्हणतात, शिष्य परत म्हणतो, उस्ताद दुरुस्त करतात. या समोरासमोरच्या घेण्याला ‘तलक्की’ म्हणतात. पूर्ण पठण असं तपासून घेतलेल्याला ‘इजाज़ा’ मिळतो, आणि त्यासोबत उस्तादांचे उस्ताद, त्यांचे उस्ताद अशी थेट प्रेषितांपर्यंत नेलेली नावांची साखळी. १९६१ साली इजिप्तमध्ये महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं, आणि १९६४ मध्ये कैरोत केवळ कुरआनला वाहिलेलं रेडिओ केंद्र सुरू झालं. तो आवाज मग जगभर गेला. आमच्या म्हसळा-श्रीवर्धनच्या पट्ट्यात आखातातून सुटीवर येणारे चुलते कॅसेटी आणत. पण कॅसेट ऐकवते, ऐकत नाही. अल-हुसरींचा आवाज घरात होता, आमचं चुकलेलं अक्षर पकडणारा कान मात्र मकतबातच. तो कान घरापर्यंत आणला, हे ऑनलाइन वर्गाचं खरं काम.

हा कान वाटेत थोडा बहिरा होतो, हेही सांगायला हवं. व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर गप्पांसाठी बांधलेलं असतं. गप्पांमध्ये कुणी एकच सूर लांबवत नाही, त्यामुळे एका पट्टीत चाललेला आवाज त्याला पंख्याची घरघर वाटते आणि तो ते दाबून टाकतो. पठणात नेमकं हेच असतं. काही ठिकाणी स्वर सहा मात्रांपर्यंत लांबवायचा (ही ‘मद्द’), काही ठिकाणी दोन मात्रा नाकात घुमवायचं (हा ‘गुन्ना’). घशातून येणारे दोन वेगळे ‘ह’ तर श्वासाच्या खरखरीत सहज खपतात. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये संगीतकारांसाठी आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय असते. ती चालू केल्यावर माझ्या मद्दा उस्तादांना एकदम पूर्ण ऐकू यायला लागल्या. ही सोय कुणी सांगितली नाही म्हणून किती मुलांना फुकटचा ओरडा बसत असेल, कोण जाणे.

दुसरी गोष्ट समूहाची. आवाज पोचायला लागणाऱ्या किंचित उशिरामुळे ऑनलाइन दहा जणांना एका ठेक्यात म्हणता येत नाही. मकतबातला तो एकत्र गलका गेला. त्या गलक्यात लाजरं मूल लपायचं, पण हळूहळू इतरांच्या आवाजाला टेकून म्हणायलाही शिकायचं. इथे लपायला जागा नाही आणि टेकायलाही नाही.

आता उरलेली दोन आश्वासनं. ती खरं तर एकच आहेत: अरबाकडून शिकाल तर उच्चार शुद्ध. इथे मला एका अक्षराची गोष्ट सांगायची आहे. अरबी लोक त्याला ‘दाद’ म्हणतात, आपल्याकडे उर्दूच्या वळणाने ‘ज़्वाद’. तिकडे रमदान आणि इकडे रमजान, हा फरक या एका अक्षराचा. फारसीतून आलेल्या अरबी शब्दांत ते ‘ज’ होऊन मराठीत शिरलं, आणि शिरलं ते थेट कचेरीत. अर्ज, कर्ज, हजर, मर्जी, जप्ती, जिल्हा. या सगळ्यांतला ज मुळात तोच. ‘नजर’मधला ज वेगळ्या अक्षराचा, ‘मिजाज’मधला आणखी वेगळ्या, ‘मजकूर’मधला चौथ्याच. चार अरबी अक्षरं आपण एका ज मध्ये बसवली आणि कामकाज चालवलं.

माझी दादीही हे अक्षर ज सारखंच वाचते. तिच्या गावात सगळे तसंच वाचत आले. गेल्या ईदला चुलतभावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने, जी याच प्रकारच्या वर्गाला जाते, सर्वांसमोर दादीला सांगितलं की तुमचं हे अक्षर चुकतं. मुलगी उर्मट नव्हती, शिकवलेलं इमानदारीने सांगत होती. दादी हसली. पण तेव्हापासून मुलं घरात असली की ती मोठ्याने वाचत नाही. ‘शुद्ध उच्चार’ या दोन शब्दांची किंमत कुठे वसूल होते, ते मला त्या दिवसानंतर कळलं.

मग मी त्या अक्षराच्या मागे लागलो. अरबी ध्वनींचं सगळ्यात जुनं बारकाईचं वर्णन आठव्या शतकातल्या सीबवय्ह या व्याकरणकाराने केलं. त्याच्या मते हे अक्षर जिभेची कड आणि शेजारच्या दाढा यांच्यामधून येतं, आणि त्यात हवा अडत नाही, वाहत राहते. कैरोच्या बोलीतला जड ‘द’ म्हणताना हवा अडते. म्हणजे दादीचा ज त्या वर्णनाला उतरत नाही, आणि आज ज्याला शुद्ध अरबी म्हणून विकलं जातं तो द-सुद्धा पुरता उतरत नाही. आणखी एक गंमत म्हणजे सीबवय्ह स्वतः जन्माने अरब नव्हता, इराणी होता. अरबी ही त्याने शिकलेली भाषा.

याचा अर्थ कसंही म्हटलं तरी चालतं असा नाही. ‘कल्ब’मधला क घशाच्या मुळाशी म्हटला तर हृदय, जरा पुढे म्हटला तर कुत्रा. इब्न अल-जज़री (मृत्यू १४२९) यांनी अक्षरांची सतरा उगमस्थानं सांगितली ती उगाच नव्हेत. पण अचूकपणा ही कष्टाने मिळवायची गोष्ट आहे, अरब असण्याबरोबर फुकट येणारी नाही. आणि अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुप्पट पुण्य, अशी प्रसिद्ध हदीस असलेल्या परंपरेत म्हाताऱ्या माणसाला गप्प करणारा अचूकपणा मला परका वाटतो.

घोकंपट्टी तपासणारी अ‍ॅप तर एक पायरी पुढे गेली आहेत. तुम्ही म्हणा, शब्द उमटत जातात, चुकला की लाल. सुटलेला शब्द पकडायला ती उत्तम. पण पहिल्याच सूरतमधला एक शब्द जगात बहुतेक जण ‘मालिक’ म्हणतात आणि मोरोक्को-अल्जिरियाकडे ‘मलिक’. परंपरेला दोन्ही मान्य आहेत, दोन्हींची साखळी आहे. अ‍ॅपला एकच पाठ शिकवलेला असेल तर दुसरा त्याच्या लेखी चूक. आमच्या धंद्यात याला चाचणी अपुरी असणं म्हणतात, माणूस चुकणं नव्हे.

शेवटचा आक्षेप अर्थाबद्दल. पठणाचं पॅकेज वेगळं, भाषेचं वेगळं, फी वेगळी. भाषेचे बहुतेक धडे इंग्रजीतून आणि इंग्रजी बोलणाऱ्यासाठी, जणू विद्यार्थ्याला अरबीचा एकही शब्द ठाऊक नाही. मराठी माणसाकडे तर पोतंभर आहेत. हिशेब हा कयामतच्या दिवसाचा शब्द आहे. ‘मजकूर’ म्हणजे ज्याचा ‘जिक्र’ झाला तो. हासिल आणि महसूल एका धातूचे, हे कळलं की अरबी शब्द कसे घडतात याचा अर्धा धडा झाला. हे मला वर्गाने सांगितलं नाही, कारण उस्तादांना मराठी येत नाही. आता आम्ही दोन्ही तास मिसळतो. आयत म्हणून झाली की ते एखाद्या शब्दाचा धातू विचारतात, आणि मी त्याचा मराठीतला नातेवाईक शोधून सांगतो. ‘जिल्हा’ ऐकून ते बराच वेळ हसले, कारण त्यांच्याकडे तो शब्द बरगडीसाठी आहे.

आणि ‘अरब शिक्षकांकडून’ म्हणाल तर लहान मुलांना बाराखडी शिकवणारा जगभर चालणारा ‘नूरानी कायदा’ लुधियान्याच्या नूर मुहम्मद यांच्या नावाने ओळखला जातो. माझ्या शनिवारच्या तासाचं पुस्तक मदीनेच्या विद्यापीठात शिकवलेल्या डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांचं, आणि ते तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचे.

मागच्या महिन्यात दादीला विचारून मी तिच्या पठणाची चार मिनिटं मुद्रित केली आणि उस्तादांना ऐकवली. ते पूर्ण ऐकेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, कुठे थांबायचं आणि कुठे श्वास घ्यायचा नाही हे यांना नीट शिकवलेलं आहे, यांच्या उस्ताद कोण? तो ज त्यांनी नंतर सांगितला, दोन वाक्यांत. त्यांचा प्रश्न मी दादीला पोचवला. तिने एका फूफीचं नाव सांगितलं. ती दुपारी पडवीत वाडीतल्या मुलींना बसवायची, आणि श्वास चुकला की पहिल्यापासून म्हणायला लावायची. ते नाव घरात मला धरून कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ते वहीत लिहून ठेवलं आहे, दादीच्या नावाच्या वर.