यजमान आणि अतिथी : जेरी ली लुईसच्या उत्तरकालीन सहगायनाविषयी

वृद्ध कलावंताच्या निर्मितीचे मूल्यमापन करताना समीक्षकापुढे एक विशेष अडचण उभी राहते. त्याच्या पूर्वकीर्तीची स्मृती, त्याच्या वयाविषयी वाटणारी अनुकंपा आणि प्रत्यक्ष समोर असलेली कलाकृती या तीन गोष्टी एकमेकींत अशा मिसळून जातात की, आपण नेमकी कशाला दाद देत आहोत हे रसिकाला उमजेनासे होते. अशा कलावंताभोवती नामवंत अतिथींचे कडे उभे राहिले म्हणजे तर ही अडचण दुणावते. कारण अतिथींची उपस्थिती हाच एक मूल्यनिर्णय असल्याचा भास होतो. एवढे थोर लोक ज्याच्या शेजारी येऊन बसले तो थोर असलाच पाहिजे, असा हा युक्तिवाद असतो. तर्कदृष्ट्या तो लंगडा आहे हे उघड आहे. परंतु मैफलीच्या वातावरणात त्याचा प्रभाव टाळणे सोपे नाही.

या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. जेरी ली लुईस (१९३५–२०२२) हा अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल’ संगीताच्या पहिल्या पिढीचा पियानोवादक व गायक. २००६ साली, वयाची सत्तरी उलटल्यावर, त्याचा ‘लास्ट मॅन स्टँडिंग’ हा एकवीस गीतांचा ध्वनिमुद्रित संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील प्रत्येक गीतात कोणी ना कोणी अतिथी आहे : जिमी पेज, बी. बी. किंग, ब्रूस स्प्रिंगस्टीन, नील यंग, कीथ रिचर्ड्‌स, रिंगो स्टार, विली नेल्सन, एरिक क्लॅप्टन, लिटल रिचर्ड, बडी गाय अशी ही नामावली आहे. २००७ मध्ये याच नावाने मैफलीचे चित्रमुद्रण निघाले व २०१० मध्ये ‘मीन ओल्ड मॅन’ हा तशाच घाटाचा दुसरा संग्रह आला. येथे मुख्यतः पहिल्या संग्रहाचाच विचार केला आहे, कारण या घाटाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा त्यात सर्वांत स्पष्ट दिसतात.

लुईसच्या कलेचे मूळ स्वरूप प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. लुइझिआना राज्यातील फेरिडे या लहानशा गावात त्याचा जन्म झाला. एकीकडे पेंटेकोस्टल पंथाच्या प्रार्थनामंदिरातील आवेशपूर्ण भजने, तर दुसरीकडे त्याच गावातील ‘हेनीज बिग हाऊस’ या कृष्णवर्णीयांच्या नाचघरातील ब्लूज व बूगी-वूगी, असे दोन प्रवाह बालपणीच त्याच्या कानांवर पडले. प्रवचनकार व्हावे म्हणून तो टेक्सासमधील धर्मशिक्षणसंस्थेत गेला आणि तेथे एक भजन बूगीच्या ठेक्यात वाजविल्यामुळे त्याला बाहेर पडावे लागले. ही हकीकत चरित्रकार गमतीने सांगतात. समीक्षकाने मात्र ती गांभीर्याने घ्यावयास हवी. पवित्र व ऐहिक या दोन संगीतांमधील सीमा त्याच्या बोटांना कधी कळलीच नाही, आणि त्याच्या मनाला ती कधी विसरता आली नाही. लुईसच्या गायनात जो ताण आहे त्याचे एक मूळ येथे आहे.

१९५६ च्या अखेरीस तो मेम्फिस येथील सॅम फिलिप्सच्या ‘सन’ या ध्वनिमुद्रणसंस्थेत आला. पुढच्याच वर्षी ‘होल लॉटा शेकिन् गोइंग ऑन’ आणि ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’ ही गीते निघाली व त्याची कीर्ती जगभर पसरली. यांपैकी पहिल्या गीताचे ध्वनिमुद्रण आज ऐकताना त्याच्या साधनांची अल्पता सर्वप्रथम जाणवते. पियानो, रोलंड जेन्सची गिटार व जे. एम. व्हॅन ईटनचे ढोल, एवढेच त्यात आहे. डाव्या हाताने अखंड चालविलेली बूगीची आवर्तने मंद्राची जागा भरून काढतात; उजवा हात वरच्या पट्ट्यांवर एकच स्वरसमूह घणासारखा पुनःपुन्हा आदळतो आणि मधूनच सर्व पट्ट्यांवरून सरकत खाली येतो. गीताच्या मध्यभागी हे सारे एकाएकी जवळजवळ निःशब्दतेपर्यंत उतरते, आवाज बोलण्याच्या पातळीवर येतो, आणि मग पुन्हा उसळी. म्हणजे ज्याला आपण केवळ आवेश समजतो, त्याच्या मुळाशी रिकाम्या जागेचा अत्यंत जाणीवपूर्वक केलेला उपयोग आहे. लाथेने स्टूल उडवून उभ्याने वाजविणे हा त्या आवेशाचा दृश्य भाग होय. त्याचे रहस्य नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की, लुईस हा मुख्यतः गीतकार नव्हता. त्याची बहुतेक प्रसिद्ध गीते इतरांनी रचलेली आहेत. दुसऱ्याचे गीत घ्यावे, त्याची लय आपल्या डाव्या हाताच्या स्वाधीन करावी, शब्द हवे तसे वळवावेत आणि मध्येच स्वतःचे नावही गुंफून टाकावे, ही त्याची रीत. संतकवी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घालतो ती नम्रतेने. लुईस दुसऱ्याच्या गीतात आपले नाव घालतो ते मालकी सांगण्यासाठी. त्याचे कर्तृत्व रचनेत नाही. ते या ‘आक्रमणा’त आहे. एखाद्या ख्यालगायकाने परंपरेतील बंदिश घेऊन ती आपली करावी, यात आणि लुईसच्या या रीतीत काही अंशी साम्य आहे, पण भेदही महत्त्वाचा आहे. गायक बंदिशीचे ऋण मान्य करतो. लुईस ते मान्य करीत नाही.

हे ध्यानी घेतले म्हणजे अतिथींच्या संग्रहातील खरा नाट्यविषय कोणता हे दिसू लागते. आजवर ज्याने गीतकारांच्या अनुपस्थितीत त्यांची गीते बळकाविली, त्याच्यासमोर आता काही गीतकार स्वतःच येऊन बसले आहेत. ‘रॉक अँड रोल’ हे गीत जिमी पेजच्या ‘लेड झेपलिन’चे (१९७१), ‘पिंक कॅडिलॅक’ स्प्रिंगस्टीनचे, ‘इव्हनिंग गाऊन’ मिक जॅगरचे, ‘द पिल्ग्रिम’ क्रिस क्रिस्टॉफरसनचे. अशा वेळी मालक कोण?

पहिल्याच गीतात या प्रश्नाला मोठे मनोज्ञ रूप आले आहे. लेड झेपलिनचे मूळ गीत हे पन्नाशीच्या दशकातील संगीताची आठवण काढणारे गीत आहे. त्यातील प्रारंभीचा ढोलाचा ठेका लिटल रिचर्डच्या एका जुन्या मुद्रणावरून स्फुरलेला आहे हे सर्वश्रुत आहे. ज्यांनी कुमारवयात इंग्लंडमध्ये बसून अमेरिकेहून आलेल्या तबकड्या ऐकल्या, त्यांनी त्या ऋणाची केलेली ही परतफेड होती. २००६ मध्ये लुईस तेच गीत घेतो, तेव्हा स्मरण करणाऱ्याच्या हातून गीत निसटते व ज्याचे स्मरण केले जात होते त्याच्या हाती येते. पेजची गिटार येथे आपले मूळचे वर्चस्व सोडून पियानोच्या मागे राहते. हा संयम संपूर्ण संग्रहातील उत्तम गुणांपैकी एक होय.

परंतु सर्वत्र असे घडत नाही. द्रुत लयीच्या कित्येक गीतांत वाद्यांची गर्दी एवढी झाली आहे की, लुईसच्या शैलीला जी रिकामी जागा प्राणवायूसारखी आवश्यक होती तीच नाहीशी झाली आहे. ‘ट्रॅव्हलिन् बँड’ किंवा ‘हाँकी टाँक वुमन’ ऐकताना उत्साह जाणवतो; पण तो समारंभाचा उत्साह आहे, संगीताचा नव्हे. अतिथी आला, त्याने आपल्या नावाची ओळख पटेल एवढे वाजविले, आणि गेला. आधुनिक ध्वनिमुद्रणाच्या तंत्रामुळे अशा संग्रहांत सर्व कलावंत एकाच वेळी एकाच दालनात असण्याची आवश्यकताही उरलेली नाही. ४ डिसेंबर १९५६ रोजी ‘सन’च्या दालनात लुईस, एल्विस प्रेस्ली, कार्ल पर्किन्स व जॉनी कॅश हे योगायोगाने एकत्र आले आणि पियानोभोवती जमून भजने गाऊ लागले. त्या ओबडधोबड मुद्रणातील सहवास २००६ च्या सुबक मुद्रणात फार थोड्या ठिकाणी आढळतो.

विलंबित लयीची गीते मात्र निराळ्या कोटीची आहेत. वयाबरोबर लुईसच्या आवाजातील उंची व चापल्य ओसरले. त्याच्या जागी एक खरखरीत, बोलका असा पोत आला. कीथ रिचर्ड्‌ससमवेतचे ‘दॅट काइंड ऑफ फूल’ किंवा विली नेल्सनसमवेतचे ‘अ कपल मोअर इयर्स’ या गीतांत हा पोत आशयाशी एकरूप झाला आहे. स्वर लांबविण्याची शक्ती नाही म्हणून तो लवकर सोडला जातो. आणि तो लवकर सुटतो म्हणूनच शब्दाला अनुभवाचे वजन येते. शारीरिक मर्यादेचे असे घाटाच्या अटीत रूपांतर होते, तेव्हा वार्धक्य ही अनुकंपेची बाब न राहता सौंदर्यविचाराची बाब होते. वृद्ध कलावंताच्या मूल्यमापनाची कसोटी कोणती, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. ‘या वयातही’ असे म्हणावे लागते तेथे कला संपलेली असते. ‘या वयामुळेच’ असे म्हणता येते तेथे ती नव्याने सुरू झालेली असते.

आपल्याकडील श्रोत्याला येथे वृद्ध गवयामागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याची आठवण होईल. गुरूचा दम जेथे अपुरा पडतो तेथे शिष्य स्वर उचलून धरतो व पुन्हा मागे सरतो. लुईसचे अतिथी हे त्याचे शिष्य नव्हेत. त्यांची शैली, कीर्ती व श्रोतृवर्ग स्वतंत्र आहेत. त्यामुळे येथे शिष्याची साथ नाही आणि समबलांची जुगलबंदीही नाही. अतिथीने स्वतःचे पुरते विसर्जन केले तर त्याला बोलाविण्याचे प्रयोजन उरत नाही, आणि स्वतःचे पुरते प्रदर्शन केले तर यजमान झाकोळतो. रिचर्ड्‌स व नेल्सन यांना या दोहोंमधील अरुंद वाट सापडली. अनेकांना ती सापडली नाही.

तथापि ‘यजमान’ व ‘अतिथी’ हे शब्द आपण आतापर्यंत फार निःशंकपणे वापरले. बी. बी. किंग व बडी गाय यांच्याजवळ आल्यावर ते अडखळतात. बडी गाय याचा जन्म १९३६ साली लुइझिआनातील लेट्सवर्थ येथे झाला. लुईसच्याच राज्यातला, त्याच्याहून एक वर्षाने लहान असा हा कलावंत. ज्या संगीतावर लुईसची उभारणी झाली ते संगीत गायच्या समाजाने निर्माण केलेले होते. हेनीच्या नाचघरात चोरून शिरणारा गोरा मुलगा हाच तेथे खरा अतिथी होता, आणि तोही अनाहूत. साठ वर्षांनी तो यजमानपदी बसतो व घरचे लोक अतिथी म्हणून येतात, या उलटापालटीत अमेरिकन लोकप्रिय संगीताचा फार मोठा इतिहास सामावला आहे. क्लॅप्टनसमवेत गायिलेले ‘ट्रबल इन माइंड’ हे आठ मात्राखंडांचे ब्लूज गीत रिचर्ड एम. जोन्स या लुइझिआनातील कृष्णवर्णीय पियानोवादकाचे आहे. ते ज्या दोघांच्या मुखी व हाती आहे त्यांपैकी एक श्वेतवर्णी लुइझिआनाचा, दुसरा इंग्लंडचा. यावरून कोणावर चौर्याचा आरोप करावयाचा नाही; संगीत सीमा ओलांडते म्हणूनच जगते. पण ऋण किती आहे हे सांगणे समीक्षेचे काम आहे, आणि ‘अतिथी’ या शब्दाने ते झाकले जाऊ नये.

हीच दक्षता संग्रहाच्या शीर्षकाविषयीही घ्यावयास हवी. ‘अखेरचा उभा राहिलेला’ हे बिरुद मेम्फिसच्या त्या चौघांपुरते यथार्थ होते. प्रेस्ली १९७७ मध्ये, पर्किन्स १९९८ मध्ये व कॅश २००३ मध्ये निवर्तला होता. परंतु चक बेरी व फॅट्स डॉमिनो २०१७ पर्यंत हयात होते, आणि लिटल रिचर्ड (मृत्यू २०२०) तर याच संग्रहात अतिथी आहे! स्वतः अखेरचा असल्याची घोषणा करणाऱ्या संग्रहात त्याच पिढीचा, वयाने तीन वर्षे वडील असा दुसरा पियानोवादक उपस्थित असावा, हा विरोध शीर्षक देणाऱ्यांना जाणवलेला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट टाळून जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. डिसेंबर १९५७ मध्ये लुईसने आपल्या तेरा वर्षांच्या नात्यातील मुलीशी विवाह केला. मे १९५८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात ते उघडकीस आले, दौरा अर्धवट सोडावा लागला आणि त्याची कीर्ती एकदम कोसळली. त्यानंतर हॅम्बुर्गच्या ‘स्टार क्लब’मधील १९६४ ची विलक्षण मैफल, १९६८ पासून कंट्री संगीतात मिळालेले यश आणि १९८६ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या पहिल्या सन्माननीयांत झालेली निवड, अशा पायऱ्यांनी त्याचे पुनर्वसन होत गेले. अतिथींचा संग्रह ही त्यातील एक ठळक पायरी होय. येथे अतिथी केवळ गिटार घेऊन येत नाही. तो आपली प्रतिष्ठाही बरोबर आणतो व यजमानाला उसनी देतो. ती घेण्यादेण्यास व्यवहारात कोणाची हरकत नसेल. समीक्षेने मात्र तिला पुरावा म्हणून स्वीकारू नये. एका बालिकेवर झालेला अन्याय सुस्वर साथीने पुसला जात नाही. त्याचप्रमाणे त्या अन्यायामुळे विलंबित गीतांतील सौंदर्य खोटेही ठरत नाही. ही दोन विधाने एकत्र बाळगणे सुखाचे नाही. पण त्यांपैकी एक सोडून दिले की समीक्षेचे रूपांतर एकतर आरतीत होते, नाहीतर फिर्यादीत.

संग्रहाचा शेवट क्रिस्टॉफरसनच्या ‘द पिल्ग्रिम’ या गीताने होतो. अंतर्विरोधांनी भरलेल्या, स्वतःशीच झगडणाऱ्या एका यात्रिकाचे हे चित्र. आणि ते मूळ कवीच्या साक्षीने लुईस गातो. येथे आक्रमण नाही, समारंभही नाही. २०१९ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यावरही त्याचे काम थांबले नाही, आणि २०२२ साली, मृत्यूच्या वर्षीच, ‘द बॉइज फ्रॉम फेरिडे’ हा भजनांचा संग्रह निघाला. त्यात त्याचा सोबती होता धर्मप्रवचनकार जिमी स्वॅगर्ट, म्हणजे फेरिडेमध्ये त्याच्याबरोबर वाढलेला त्याचा भाऊबंद. जगभरच्या कीर्तिमंतांची वर्दळ ओसरल्यावर अखेरच्या संग्रहात त्याच्याजवळ राहिला तो गावचा भाऊ आणि प्रार्थनामंदिरातील संगीत. ‘अखेरचा उभा राहिलेला’ या गर्विष्ठ बिरुदापेक्षा लुईसच्या उत्तरायुष्याचे खरे स्वरूप या जोडीत अधिक प्रकट झाले आहे, असे मला वाटते.