नेब्युलायझरची कार्यक्षमता आणि श्वासनलिकेच्या संवेदनशीलतेचे मापन : एक चिकित्सा

दम्याच्या निदानासाठी केल्या जाणाऱ्या मेथाकोलिन चाचणीत रुग्णाला वाढत्या तीव्रतेच्या द्रावणाचे तुषार श्वासावाटे दिले जातात. पहिल्या सेकंदातील उच्छ्वास २० टक्क्यांनी घटवणारी तीव्रता म्हणजे ‘पीसी-२०’. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनी हाच आकडा प्रमाण मानला : मिलिलिटरमागे १६ मिलिग्रॅमहून अधिक असल्यास प्राकृत, ४ ते १६ सीमारेषेवरचा. प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ दोष येथेच आहे. तीव्रता हा बाटलीतील द्रावणाचा गुण होय. श्वासनलिकेत औषध किती पोहोचले, हे नेब्युलायझर ठरवतो. सूचनांतील राइट नेब्युलायझरकडून मिनिटाला ०.१३ मिलिलिटर तुषार अपेक्षित होते. त्याच्या दुप्पट देणारे उपकरण वापरल्यास ज्याचा आकडा २० यायचा त्याचा साधारण १० येईल, आणि निरोगी माणूस संशयिताच्या रकान्यात जाईल.

बरे, हे उत्सर्जन तपासावे कसे? उपकरणाचे आधी व नंतर वजन करण्याची रीत सोपी खरी. परंतु घटलेल्या वजनात बाष्प होऊन गेलेले पाणीही धरले जाते, आणि त्या पाण्याबरोबर औषध जात नाही!

युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या २०१७ च्या तांत्रिक मानकाने तीव्रतेऐवजी मात्रा, म्हणजे ‘पीडी-२०’, स्वीकारली. दुरुस्ती स्वागतार्ह, पण उशिराची. शिवाय मात्रेचा हिशेबही उपकरणाच्या नेमक्या उत्सर्जनावरच उभा आहे. खोल श्वास घ्यावयाच्या पद्धतीत तर श्वासनलिका तात्पुरती सैलावते व सौम्य संवेदनशीलता निसटू शकते. ज्या अहवालात उपकरण व श्वसनपद्धती यांची नोंद नाही, त्यातील आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.