'आम्ही' आणि 'आपण' : दोन मित्रांच्या एका प्रवासाविषयी

मराठी प्रवासवर्णनात लेखकाच्या सोबतीला बहुधा नात्यातले माणूस असते. १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडसे यांच्याबरोबर त्यांचे काका होते, पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'त (१९६०) सुनीताबाई आहेत. ऐन तारुण्यात, पाठीशी ना संस्था ना शिष्यवृत्ती, केवळ जिवलग मित्राच्या भरवशावर परमुलखी निघावे आणि त्या मैत्रीचाच ग्रंथ व्हावा, असे आपल्याकडे क्वचितच घडले आहे. म्हणून अशा ग्रंथाची कसोटीही आपण फारशी घडवलेली नाही. स्थलवर्णन, माहिती आणि विनोद या तीन अंगांनी आपण प्रवासवर्णनाची पारख करतो. सोबत्याचे काय झाले, हे विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला तोच प्रश्न विचारावयाचा आहे, आणि त्यासाठी निकोला बूव्हिए या स्विस लेखकाच्या 'ल्युझाज द्यु मोंद' या ग्रंथाकडे वळावयाचे आहे. रॉबिन मार्सॅक यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 'द वे ऑफ द वर्ल्ड' या नावाने १९९२ साली निघाला.

प्रवासाची हकिगत थोडक्यात अशी. जून १९५३ मध्ये चोवीस वर्षांच्या बूव्हिएने जिनिव्हा सोडले. त्याचा शाळेपासूनचा मित्र, चित्रकार थिएरी व्हेर्ने, हा आधीच युगोस्लाव्हियात पोहोचला होता. बेलग्रेडला दोघे भेटले आणि एका चिमुकल्या फियाट टोपोलिनो मोटारीतून पूर्वेकडे निघाले. हाती वेळ दोन वर्षांचा आणि पैसा जेमतेम चार महिन्यांचा. मॅसिडोनिया, इस्तंबूल, अनातोलिया असे करीत ते इराणात आले. तब्रिझच्या बर्फात त्यांनी सबंध हिवाळा काढला. पुढे तेहरान, इस्फहान, केरमान, मग बलुचिस्तानातील क्वेट्टा आणि शेवटी काबूल. तेथून व्हेर्ने आपल्या वाग्दत्त वधूला भेटण्यासाठी सिलोनकडे गेला. बूव्हिए मागे राहिला आणि डिसेंबर १९५४ मध्ये एकट्याने खैबर खिंड ओलांडून खाली उतरला. ग्रंथ येथे संपतो. तो प्रसिद्ध व्हायला १९६३ साल उजाडले, आणि तेही जिनिव्हाच्या द्रोझ या प्रकाशनगृहाकडून लेखकाने पदरमोड केली तेव्हा. ग्रंथात व्हेर्नेची काळ्या-पांढऱ्या रेषांतील चित्रे आहेत.

शीर्षकापासूनच ग्रंथाचे वेगळेपण जाणवते. फ्रेंच 'युझाज' या शब्दात वापर आणि रीत असे दोन्ही अर्थ आहेत. आम्हांला 'वहिवाट' हा जुना दफ्तरी शब्द त्याला सर्वांत जवळचा वाटतो. वहिवाट म्हणजे मालकी नव्हे. जाण्यायेण्याने, राबत्याने मिळालेला हक्क. या दोघांनी रस्त्यावर असा हक्क कमावला. व्हेर्ने चित्रे विकी, बूव्हिए लेख लिही, व्याख्याने देई, तब्रिझमध्ये फ्रेंचच्या शिकवण्या घेई. क्वेट्ट्यात पैसा संपला तेव्हा एकाने अकॉर्डियन आणि दुसऱ्याने गिटार घेऊन तेथील एका मद्यगृहात गाणी वाजविली. ज्या गावात पोट भरावे लागते ते गाव पाहुण्याला दिसते त्याहून निराळे दिसते, हे आपल्यासारख्या, पूर्वजांनी चाकरीसाठी मुलूख सोडलेल्या घराण्यांना वेगळे सांगावयास नको. म्हणूनच अमेरिकी 'पॉइंट फोर' योजनेतील शाळा तब्रिझच्या आसपासच्या खेड्यांत का रुजत नव्हत्या, याचे विवेचन त्याला इतके नेमके साधले आहे. देणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण घेणाऱ्याची गरज त्याने विचारलेली नाही, हे महिनोन् महिने त्याच गावात राहिल्यावाचून दिसले नसते.

आता मुख्य मुद्दा. हा ग्रंथ मराठीत आणावयाचा झाल्यास अनुवादकापुढे पहिल्याच पानावर जी अडचण उभी राहील ती शब्दकोशाने सुटणारी नाही. फ्रेंचमध्ये प्रथमपुरुषी अनेकवचनाला 'नू' हे एकच सर्वनाम आहे, हिंदीतील 'हम'सारखे. मराठीत मात्र 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद आहे. वडोदऱ्याच्या वाचकांना तो गुजरातीतील 'अमे' आणि 'आपणे' यांवरून, हैदराबादच्या वाचकांना तेलुगूतील 'मेमु' आणि 'मनमु' यांवरून परिचित आहे. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो तो 'आम्ही'. त्याला आत घेतो तो 'आपण'. दोघे मित्र मोटारीत बसून पुढचा रस्ता ठरवतात तेव्हा ते 'आपण' असतात. त्यांपैकी एक जण दहा वर्षांनी वाचकाला ती हकिगत सांगतो तेव्हा ते 'आम्ही' होतात, आणि त्या क्षणी दुसरा मित्र श्रोता राहत नाही, विषय होतो. मैत्रीच्या प्रवासवर्णनातील खरी जोखीम याच एका पायरीवर असते. जे दोघांचे होते ते एकाच्या हाती येते.

ही जोखीम बूव्हिएने कशी पेलली? आमच्या मते, बव्हंशी उत्तम. त्याने मित्राला विनोदी सोबत्याच्या किंवा शिष्याच्या भूमिकेत ढकललेले नाही. व्हेर्नेला त्याने स्वतःची नजर राखू दिली आहे, आणि ती नजर चित्रांतून पानोपानी उभी आहे. ही चित्रे मजकुराची सजावट नव्हेत. लेखक जेथे विशेषणांनी उजळतो तेथे चित्रकाराची रेष जाड, काहीशी खडबडीत राहते. लेखक चेहऱ्यांत रमतो तेथे रेष भिंती, छपरे, रस्ते यांचा आकार पकडते. एकाच मुक्कामाच्या या दोन साक्षी एकमेकींना पूर्णपणे दुजोरा देत नाहीत, आणि त्यातच ग्रंथाची विश्वसनीयता आहे.

क्वेट्ट्याचा प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हिवाळाभर खपून लिहिलेले बूव्हिएचे हस्तलिखित तेथील हॉटेलातील नोकराने रद्दी समजून केरात टाकले. दोघे मित्र गावाबाहेरच्या उकिरड्यावर गेले आणि त्यांनी तो उपसला. हाती आले ते काही कपटे. मजकूर एकाचा होता, पण उकिरडा दोघांनी उपसला. लेखकाने या प्रसंगावर मैत्रीचे एकही सुभाषित रचलेले नाही. आपल्याकडील एखाद्या लेखकाने येथे हमखास परिच्छेदभर कृतज्ञता व्यक्त केली असती. हा संयम आम्हांला या ग्रंथाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

मात्र संयमाला एक दुसरी बाजू असते, आणि तिचीही दखल घेणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. तब्रिझच्या हिवाळ्यातच मित्राचे मन दुसरीकडे ओढ घेऊ लागल्याची चाहूल वाचकाला लागते. पण लेखक ती चाहूल देतो आणि पुढे सरकतो. त्या ओढीचे वजन किती होते हे ग्रंथावरून समजत नाही. ते समजण्यास फार काळ जावा लागला. व्हेर्नेचे १९९३ मध्ये आणि बूव्हिएचे १९९८ मध्ये निधन झाले. त्यानंतर २००६ मध्ये व्हेर्नेने प्रवासातून घरी व वाग्दत्त वधूला धाडलेली पत्रे ग्रंथरूपाने निघाली, आणि २०१० मध्ये या दोघा मित्रांचा १९४५ ते १९६४ या काळातील परस्पर पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला. ही दोन्ही पुस्तके फ्रेंचमध्ये आहेत. पत्र हे रोजच्या रोज लिहिले जाते. त्याला शेवट ठाऊक नसतो. ग्रंथ शेवट ठाऊक असताना लिहिला जातो. त्यामुळे 'ल्युझाज द्यु मोंद'मधील डौलदार 'आम्ही' हा प्रवासातला 'आपण' नव्हे, तो नंतर घडवलेला आहे, हे या पत्रांसमोर ठेवल्यावर मान्य करावे लागते. यात आम्हांला अप्रामाणिकपणा दिसत नाही. परंतु ग्रंथ एकट्याने वाचू नये, मित्राच्या पत्रांच्या शेजारी ठेवून वाचावा, असे आमचे मत आहे.

या संदर्भात एक तुलना उद्बोधक ठरावी. १९३९ साली, म्हणजे चौदा वर्षे आधी, एला मायार आणि आनमारी श्वार्त्सेनबाख या दोन स्विस मैत्रिणी जिनिव्हाहूनच मोटारीने काबूलला गेल्या होत्या, आणि त्यांचीही वाट अफगाणिस्तानातच फुटली. मायार पुढे हिंदुस्थानात आली आणि युद्धकाळ तिने येथेच काढला. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द क्रूएल वे' या ग्रंथात तिने मैत्रिणीचे व्यसन, तिची तगमग आणि ती सोडविण्यात आलेले स्वतःचे अपयश उघडपणे लिहिले. फक्त मैत्रिणीचे नाव बदलून 'क्रिस्टिना' केले. बूव्हिएने नेमके उलट केले: नाव राखले, वेदना झाकली. दोहोंत सरस काय? मायारचा ग्रंथ अधिक धाडसी आहे. पण त्यातील 'आम्ही' सुरुवातीपासून शुश्रूषा करणारी आणि रुग्ण असा विभागलेला आहे. बूव्हिएचा 'आम्ही' बरोबरीचा आहे. म्हणून तो तुटतो तेव्हा वाचकाला अधिक लागते.

आणि तो तुटतो तो केवळ सर्वनामाने. काबूलनंतरच्या पानांत, सुर्ख कोतल येथील फ्रेंच उत्खननाच्या वर्णनात आणि खैबरच्या चढावर, अनेकवचनाची जागा एकवचनाने घेतलेली आहे. निरोपाचा मोठा देखावा नाही. रस्ता तोच, मोटार तीच, शेजारची जागा रिकामी. अनुवादकाने 'आम्ही'चा 'मी' होतो ती ओळ डोळ्यांत तेल घालून सांभाळली पाहिजे. तेथे चूक झाली तर सबंध ग्रंथ हातचा जाईल. पुढची कथा ग्रंथात नाही, तरी ती सांगणे अवश्य आहे. १९५५ मध्ये व्हेर्नेचा विवाह सिलोनातील गॉल येथे झाला. बूव्हिए मोटारीने हिंदुस्थान उतरून तेथे पोहोचला. नवदांपत्य युरोपला परतले आणि तो मागे राहिला, आजारी आणि एकाकी. त्या काळावरचे त्याचे 'ल प्वासाँ-स्कोर्पियाँ' हे पुस्तक १९८२ साली आले, आणि त्यात आरंभापासून 'मी' आहे. मैत्री मात्र टिकली. प्रवास संपल्यावर टिकलेली मैत्री हाच 'आम्ही' खरा असल्याचा पुरावा.

हा सारा विचार आपल्या मंडळींपुढे मांडण्याचे आणखी एक कारण आहे. १९७९ नंतर, इराणातील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैन्याच्या प्रवेशामुळे, युरोपातून खुष्कीने हिंदुस्थानात येण्याचा तो सलग रस्ता तरुण प्रवाशांना बंद झाला. त्या वाटेवरचे जग आता पुस्तकांतच शिल्लक आहे. आपल्या घराण्यांचेही तसेच आहे. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या फौजांबरोबर किंवा निजामाच्या मुलखात नशीब काढावयास जे तरुण निघाले ते काही सगळेच एकटे निघाले नसतील. पण आपले कुलवृत्तांत पाहावेत तर त्यांत मूळ पुरुष आहे, त्याची संतती आहे. बरोबर चाललेला मित्र नाही. तो रक्ताचा नव्हता, म्हणून वंशावळीत त्याला घर नाही. आपल्या 'आम्ही'त तो कधीतरी होता, आणि कोणीतरी तो गाळला.

बूव्हिएने तो गाळला नाही. काही ठिकाणी त्याने त्याला अबोल केले, इतकेच. आज आपल्या घरांतील मुले मित्राच्या जोडीने परदेशी शिकावयास जातात. त्यांनी हा ग्रंथ वाचावा, आणि घरी पाठविलेला मजकूर जपून ठेवावा. आपलाही, आणि सोबत्याचाही. ग्रंथ लिहिण्याची पाळी एकावरच येते. त्याच्या 'आम्ही'ची शहानिशा करण्यासाठी दुसऱ्याची पत्रे शिल्लक असावी लागतात.