मात्रेऱ्याच्या बुरुजाचा जीर्णोद्धार
दक्षिण स्पेनमधील मात्रेरा किल्ल्याचा मध्ययुगीन बुरूज २०१३ सालच्या पावसांत बराचसा ढासळला. वास्तुविशारद कार्लोस केवेदो यांनीं उरलेलें दगडकाम जेथल्या तेथें ठेविलें व गेलेला भाग पांढरट चुन्याच्या सपाट भिंतींनीं भरून काढिला. २०१६ सालीं लोकांनीं त्याची जगभर थट्टा मांडिली. त्याच वर्षीं पारितोषिकही मिळालें! आम्हांस थट्टा अन्यायाची वाटते. हुबेहूब नक्कल करण्यास तेथील कायद्याचीच मनाई. आणि नक्कल म्हणजे जुन्या पोथींत पदरचा मजकूर घुसडणें. येथें जुनें कोणतें, नवें कोणतें, हें पोरासही कळतें. तक्रार एवढीच, कीं दृष्टि प्रथम त्या गुळगुळीत गिलाव्यावरच खिळते, आणि ज्यांसाठीं हा सारा खटाटोप, ते जीर्ण दगडच ठिगळासारखे दिसतात. गिलावा किंचित् खडबडीत ठेविला असता तर?