‘तीच जाहिरात’ : एका नियमाची अर्थचिकित्सा

पुण्यात घर भाड्याने देऊ इच्छिणारा गृहस्थ पूर्वी वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊन शब्दांच्या हिशेबाने पैसे मोजीत असे. ‘भाड्याने देणे आहे’, ‘विकणे आहे’, ‘मध्यस्थ क्षमस्व’ ही छोट्या जाहिरातींची आखूड वाक्यरचना त्या दराला सोयीची होती. तोच दर पुनरुक्तीलाही आवर घाली. एकच मजकूर रोज दहा ठिकाणी छापणे कोणास परवडत नसे. जाहिरातींच्या संकेतस्थळांवर साधी जाहिरात बहुधा विनामूल्य असते. सबब जे काम पूर्वी किंमत करीत होती, ते आता नियमाच्या शब्दांवर येऊन पडले आहे. ते शब्द हा भार पेलतात काय, हा येथील प्रश्न होय.

प्रथम कायद्याची भूमिका पाहणे इष्ट. जाहिरातींची निव्वळ संख्या वाढली म्हणून ती टाकणारा अपराधी ठरतो, असे भारतीय कायदा सामान्यतः मानीत नाही. मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा जाहिरात कोठे व कोणाच्या परवानगीने चिकटविली हे विचारतो. स्थावर संपदेविषयीचा २०१६ चा कायदा विकासकाच्या जाहिरातीत प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक मागतो. माहिती तंत्रज्ञान कायदा तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीस शिक्षा सांगतो. स्थळ, ओळख व सत्यता या तिन्ही कसोट्या आहेत. ‘किती वेळा’ ही कसोटी नाही.

संख्येची कसोटी एकदा लावून पाहण्यात आली. २०११ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एका सिमकार्डावरून दिवसाकाठी धाडावयाच्या लघुसंदेशांस प्रथम १०० व नंतर २०० अशी मर्यादा घातली. खाजगी संदेशांपुरती ती मर्यादा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली. त्यानंतर १०० च्या पुढील सवलतीच्या संदेशांस किमान ५० पैसे दर लावण्यात आला. २०२० मध्ये तोही गेला. संख्येकडून पुन्हा किमतीकडे वळावे लागले, ही गोष्ट बोधप्रद आहे.

‘त्रास’ या शब्दाचा आधार घेण्याचा प्रयत्नही टिकला नाही. उपद्रव वा गैरसोय करण्याच्या हेतूने धाडलेल्या इलेक्ट्रॉनिक संदेशास कलम ६६-अ अन्वये शिक्षा होती. २०१२ साली पालघर येथे दोन तरुणींवर समाजमाध्यमातील मजकुरावरून हेच कलम लावले गेले, आणि संदिग्ध शब्द कोठवर ताणला जाऊ शकतो हे महाराष्ट्राने पाहिले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम अवैध ठरविले. त्यातील शब्दांची संदिग्धता हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

उरतो तो संकेतस्थळ व जाहिरातदार यांच्यातील करार. त्याच्या अटींचा आशय सामान्यतः असा असतो : ‘तीच जाहिरात पुन्हा टाकू नये.’ वाक्य सरळ दिसते. अडचण ‘तीच’ या सर्वनामात आहे. जाहिरातीची संहिता तीच, की जाहिरातीने निर्दिष्ट केलेली वस्तू तीच? कोथरूडमधील एकच सदनिका एखादा मध्यस्थ ‘दोन खोल्या, कुटुंबास’, ‘पौड रस्त्यालगत प्रशस्त जागा’ आणि ‘विद्यार्थिनींसाठी सोय’ अशा तीन रूपांनी मांडू शकतो. संहिता तीन, वस्तू एक. उलट एकाच इमारतीतील दोन सारख्या सदनिकांचा मालक प्रामाणिकपणे दोनदा एकच मजकूर लिहितो. संहिता एक, वस्तू दोन. केवळ शब्द व छायाचित्रे ताडून पाहिल्यास मध्यस्थ सुटतो व मालक सापडतो. नियम ज्याच्याविरुद्ध केला त्यालाच तो अभय देतो.

शिवाय अनेक संकेतस्थळे पैसे घेऊन तीच जाहिरात पुन्हा अग्रस्थानी आणतात. म्हणजे अतिरेक मूलतः निषिद्ध नसून विनामूल्य अतिरेक तेवढा निषिद्ध आहे. व्यापाराच्या दृष्टीने यात गैर काही नाही. तथापि नियमाने हे उघड सांगावे. वाचकाच्या सोयीचा कैवार घेऊन वसुलीचा हेतू झाकणे ही भाषेची अप्रामाणिकता होय.

यावर उपाय शब्दातच आहे. ‘तीच जाहिरात’ याऐवजी ‘एकाच वस्तूविषयी एकाच वेळी एकाहून अधिक जाहिराती’ असे म्हटल्यास संहितेवरचा भर वस्तूवर येतो. वस्तू ओळखण्यास खूण लागते. नव्या प्रकल्पांना नोंदणी क्रमांकाने ती मिळाली आहे, भाड्याच्या खोलीला मात्र अद्याप नाही. तोवर जाहिरात काढण्यापूर्वी मालकास खुलासा विचारणे, आणि काढल्यास कारण कळविणे, एवढे तरी अटींत स्पष्ट असावे. २०२१ च्या नियमांनी मध्यस्थ संस्थांवर तक्रार-अधिकारी नेमण्याचे बंधन घातलेच आहे. परंतु कोणत्या शब्दाचा भंग झाला हेच ज्याला कळत नाही, त्याने तक्रार कशाची करावी?